करकऱ्याची जागा

कशेळीच्या एसटीत कंडक्टरने आमच्या सरांच्या वल्ह्याला अर्धं तिकीट फाडलं होतं. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आणि पुष्कळांनी ती थाप समजून सोडून दिली. पण त्या दिवशी मी त्याच गाडीत होते. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, ह्ये लाकूड दोन मान्सांची जागा खातंय. तिकीट लागंल." सरांनी वाद घातला नाही. "पूर्ण की अर्धं?" एवढंच विचारलं. कंडक्टरही काही कमी नव्हता. म्हणाला, "वय काय त्याचं?" सर गंभीरपणे म्हणाले, "या दिवाळीत अकरावं लागलं." सगळी गाडी हसली, कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं आणि सरांनी ते वल्ह्याला गुंडाळलेल्या सुतळीत नीट खोचलं.

गाडीत जागा होती, तरी सर उभे होते. ते कुठेच बसत नसत. वर्गात येरझाऱ्या घालत शिकवत, स्टाफरूममध्ये खिडकीशी उभं राहून डबा खात, आणि प्राचार्यांनी "बसा ना" म्हटलं तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून "हो, हो" म्हणत उभेच राहत. "बसून कोणाचं भलं झालंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्या कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा लागले. सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ माशांच्या मागे असायचे. त्यांच्या नोंदी टाइप करायला ऑफिसात कोणी तयार नव्हतं, कारण ते माझ्या टेबलाभोवती फिरत फिरत मजकूर सांगायचे आणि ऐकणाऱ्याची मान दुखायची. नवीन म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मग माझंच झालं.

भिवंडीत त्यांनी किती खोल्या बदलल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला माहीत आहेत त्या सात. त्यांना शांतता हवी होती आणि भिवंडीत ती नव्हती. एका घरमालकाला त्यांनी विचारलं होतं, खालचे पॉवरलूम संध्याकाळी तासभर बंद ठेवता येतील का? तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, लूम बंद तो चूल्हा बंद. आप ही बंद हो जाओ ना थोडा!" सरांना हे उत्तर फार आवडलं. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली, पण त्या माणसाची आठवण काढून हसायचे.

शांतता कशासाठी हवी होती, तर कान तयार करायला. शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी दुपारी सर प्रयोगशाळेतल्या सिमेंटच्या टाकीत जिवंत मासे सोडायचे, वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. पोरं दाराशी उभी राहून खिदळायची. "सर, काय म्हणतो मासा?" सर डोळे न उघडता म्हणायचे, "तुझी हजेरी विचारतोय."

माशांची डोकी जमवण्याचंही त्यांना वेड होतं. डब्यात कोणी कालवण आणलं की हे हजर. "डोकं टाकू नका, मला द्या." माशाच्या कानात एक पांढरा खडा असतो, तो आडवा घासला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात आणि त्यावरून वय कळतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमचं घर विहाराच्या गल्लीत होतं. आई दर रविवारी कालवण करायची आणि सोमवारी डोकी कागदात बांधून माझ्या पिशवीत घालायची. "घेऊन जा तुझ्या सरांना. लोकं पगार खातात, ह्यो मानूस डोकी खातो." पण एखाद्या सोमवारी मी विसरून निघाले, तर तीच गल्लीच्या तोंडापर्यंत धावत यायची.

त्या सगळ्या माशांत सरांचा जीव अडकला होता तो करकऱ्यात. करकरा हा तसा खडपातला मासा. समुद्रात पाण्याखाली खडक असेल तिथे राहतो, खाडीतही शिरतो. पाण्याखाली, आणि बाहेर काढला तरी, दात घासून करकर आवाज करतो, म्हणून करकरा. वर्षभर तो पांगलेला असतो. पण माघी पुनवेनंतरचे चार-पाच दिवस लांबलांबचे करकरे एका ठरलेल्या खडकाशी जमतात, तिथेच अंडी घालतात आणि पुन्हा पांगतात. दरवर्षी तोच खडक. सरांचं म्हणणं असं, की आपण वर्षभर कितीही मासे धरा, समुद्र सहन करील. हे चार दिवस तेवढे सोडा. हे ते कोणालाही सांगायचे. एकदा चहाच्या टपरीवर एका लूमवाल्या कामगाराला सांगत होते. "तुमच्या गावात वर्षभर पांगलेली माणसं एका लग्नाला जमतात की नाही? त्या मांडवालाच कोणी वेढा घातला, तर गावात उरेल कोण?" तो आझमगडकडचा माणूस चहा तसाच हातात धरून म्हणाला, "पर साहब, शादी में जाल कौन डालता है?" सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा बाई, ह्याला कळलं. मासेमारी खात्याला कळत नाही."

तसा खडक आपल्या खाडीत खाली, मुखाच्या बाजूला एक होता. तो सरांनी शोधला नव्हता. तो कशेळीच्या बाळाराम नाखव्याचा होता. म्हणजे मालकीचा नव्हे, माहितीचा. त्याच्या आज्याने त्याच्या बापाला दाखवला, बापाने त्याला. पाण्यात खूण करता येत नाही, म्हणून हे लोक खूण जमिनीवर ठेवतात. एका काठावर देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आणायचं, दुसऱ्या काठावर मिठागराच्या कोठीचं छप्पर आणि एक ताड. दोन्ही रेषा जिथे मिळतील तिथे नांगर टाकायचा. त्या चार दिवसांत बाळाराम तिथे जायचा, घरापुरते चार मासे गळाने काढायचा आणि परत यायचा. जाळं टाकायचं नाही, असं आज्याने सांगितलेलं. सर पाच-सहा वर्षं त्याच्या पडवीत चहा प्यायले, तेव्हा कुठे त्याने त्यांना होडीत घेतलं. आणि अट घातली, "मास्तर, कान लावा, नायतर डोळं लावा. कागदाव लिवाचा न्हाय. कागदाला त्वांड असतं." सरांनी शब्द दिला. त्यांच्या वह्यांत त्या जागेला नुसतं ‘खडक’ लिहिलेलं असे.

मीही एकदा गेले. इतकी वर्षं यांची करकर टाइप करतेय, एकदा ऐकवा तरी, असा मी हट्ट धरला. बाळारामची बायको सोबत येणार होती, म्हणून आईने सोडलं. खाडीत बरंच खाली गेल्यावर बाळाराम म्हणाला, "बाय, आता पाठ फिरव. पदर घे डोल्यांव." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याच्या बायकोनेही तोंड होडीच्या तळाकडे केलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिलाही त्या रेषा माहीत नव्हत्या. सर मात्र ताठ उभे राहून दोन्ही काठ बघत होते, आणि त्यांचा अभिमान अगदी चेहऱ्यावर दिसत होता. नांगर पडला तेव्हा दिवस कलला होता. सरांनी वल्हं पाण्यात सोडलं आणि मूठ माझ्या कानामागे टेकवली. आधी नुसतं पाणी. मग कोणीतरी एक करकरलं. मग दहा. मग इतके, की वेगळा आवाजच उरला नाही. सलग, दाट, खालून वर येणारी खटखट. मी ओरडलेच, "सर, ही तर शिफ्ट सुरू झाली!" बाळाराम पोट धरून हसला. सर हसले नाहीत. ज्या आवाजापासून ते सात खोल्या पळाले, तोच मला तिथे ऐकू आला होता. मग म्हणाले, "बरोबर आहे. कारखानाच आहे तो." त्या संध्याकाळी मला अंगावर काटा आला होता, आणि आजही लिहिताना येतो.

नंतर खाडीत रेती उपसायचे पंप आले. आधी वरच्या अंगाला, मग हळूहळू खाली सरकत. त्या वर्षी माघात सर परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. "पंपाचा आवाज ऐकू येतोय हो खडकापर्यंत. गाळ बसतोय. अजून दोन वर्षं, फार तर तीन." त्यांनी मासेमारी खात्याला अर्ज केला, की खाडीतला एक खडक आणि भोवतालचं पाणी, माघात काही दिवस सगळ्यांना बंद करावं, पंपांनाही, जाळ्यांनाही. तीन महिन्यांनी उत्तर आलं, सदर ठिकाणाच्या सीमा व खुणा स्पष्ट नमूद केल्याशिवाय प्रस्तावाचा विचार करता येणार नाही. सरांनी ते पत्र खिशात घातलं आणि वर्षभर खिशातच ठेवलं.

ते पत्र खिशातून बाहेर काढायला लावलं ते मी. खोटं कशाला बोलू? मी ऑफिसात दहा वर्षं काढली होती आणि कागद कसा हलतो हे मला कळतं, याचा मला गर्व होता. मी त्यांना रोज टोचायची. "सर, जे कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही."

"बाळारामला शब्द दिलाय."

"शब्द पाळाल आणि खडक घालवाल. पंपवाल्यांनी कोणाला शब्द दिलाय?"

ते फिरत राहायचे. एके दिवशी फिरता फिरता थांबले आणि म्हणाले, "घ्या लिहून." कळस, डोंगराचं टोक, कोठी, ताड. अगदी हळू आवाजात सांगत होते. ताड कोणता, असं मी विचारलं, कारण त्या काठाला ताड पुष्कळ. ते म्हणाले, "इतकं लागतं?" मी म्हटलं, "लागतं. नाहीतर परत पाठवतील." मग त्यांनी तेही सांगितलं, कोठीपासून उत्तरेला तिसरा, शेंडा मोडलेला. मी तो मजकूर चार वेळा टाइप केला, इतका स्वच्छ केला की आंधळ्यालाही खडक सापडावा. खात्यातल्या साहेबांनी सरांना सांगितलं, इतका चांगला प्रस्ताव आमच्याकडे येत नाही. सरांनी ते येऊन मला सांगितलं आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं.

नियम असा, की पाणी बंद करण्याआधी लोकांच्या हरकती मागवायच्या. हा नियम मला माहीत होता. शाळेच्या जागाबदलापासून रस्त्याच्या रुंदीकरणापर्यंत अशा शंभर नोटिसा मी पेपरात वाचल्या असतील. पण नोटीस म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही. आम्ही दोघंही मंजुरीची वाट बघत होतो. खात्याने पौषाच्या अखेरीस आमचा मजकूर शब्द न शब्द पेपरात छापला, बंदराबंदरावर चिकटवला आणि कळवलं, की अमुक खुणांच्या मधल्या खडकाशी माघी पौर्णिमेनंतर करकरा मोठ्या संख्येने जमत असल्याने तिथे मासेमारी बंद करण्याचं योजलं आहे, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. बंदी त्या तीस दिवसांनंतर. पौर्णिमा आधी.

मला हे तीनबत्तीच्या बाजारात कळलं. सकाळची वेळ होती. माझ्या नेहमीच्या मावशीच्या पाटीत करकरा, शेजारच्या पाटीत करकरा, समोरच्या ओळीत करकरा. सगळे अंड्यांनी पोट फुगलेले. "घे बाय, आज सस्तावलाय. समदा गाबोळीचा हाय."

"मावशी, एवढा कुठून आला?"

"सरकारनंच पत्ता दिला की पेपरान! कंच्या देवलाच्या रेषेत, कंच्या ताडाच्या. लांबलांबच्या बोटी आल्यान. तीन दिस उपसतान."

"कोणता ताड?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"शेंडा मोडल्याला," ती म्हणाली आणि मासा तराजूत टाकला.

मी सरांना बोलवायला गेले नाही. तेवढी हिंमत नव्हती. पण ते आधीच तिथे होते. बाजाराच्या टोकाला, पाण्याने निथळणाऱ्या एका उलट्या पेटीवर ते बसले होते. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. पँट भिजली होती, माणसं त्यांना ओलांडून जात होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्या मनात एकच होतं, की यांनी मला बोलावं. ओरडावं. ते म्हणाले, "अंडी घालायच्या आधीच काढलेत, बाई. एकानेही घातलेली नाहीत." मग उठले आणि कॉलेजला गेले. पहिला तास त्यांचा होता.

बाळारामने त्यानंतर त्यांना पडवीत घेतलं नाही. ते गेले होते. तो जाळं विणत बसला होता, त्याने मान वर केली नाही. "मास्तर, मी तुमाला येकच गोष्ट सांगितली व्हती," एवढं बोलला. मी स्वतः जाऊन त्याला सांगणार होते, की आग्रह माझा होता, टाइप मी केलं. सरांनी जाऊ दिलं नाही. "शब्द मी दिला होता, तुम्ही नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला. माझी चूकसुद्धा त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली, असं वाटलं.

बंदीचा हुकूम आला. रीतसर आला, सही-शिक्क्यासह, आणि दरवर्षी पाळलाही जाऊ लागला. पंपही खडकापासून दूर गेले. हुकमाच्या पहिल्या माघात सर भाड्याची होडी करून गेले, चारही संध्याकाळी. परत आल्यावर त्यांनी मला नोंद सांगितली ती एका ओळीची होती. ‘पाणी स्वच्छ, आवाज नाही.’ पुढच्या वर्षी तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षी मीच ती न विचारता टाइप करून ठेवली, आणि त्यांनी कागद बघून मान हलवली. या वर्षांत त्यांच्या येरझाऱ्या वाढल्या. वर्गातून मधेच बाहेर पडायचे, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे शिकवायचे. पोरांनी हसणं सोडलं होतं.

मग एका माघात, कॉलेज सुटायच्या वेळी, ऑफिसच्या दारात बाळाराम येऊन उभा राहिला. बराच थकला होता. सर माझ्या टेबलाशीच होते. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, चला. मना आता जागा दाखवाला कोन न्हाय. पोरगा गोडाऊनला लागला राहनालला, त्याला पान्याचा नाव नको." मला त्याने पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. सर तसेच गेले, छत्री टेबलावर ठेवून. चार दिवस रजेवर होते. पाचव्या दिवशी आले ते उन्हाने रापलेले, चपलांना चिखल, आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत. पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस. मी विचारलं, "मिळाला?" ते म्हणाले, "काय?" आणि हसू लपवायला खिडकीकडे वळले. त्या वर्षी त्यांनी माघाची नोंदच सांगितली नाही.

निवृत्तीला काही महिने उरले असताना खात्याचं पत्र आलं. करकऱ्याच्या बंदीची योजना यशस्वी ठरल्याचं त्यात म्हटलं होतं. कारण आजवर बंदी मोडल्याची एकही तक्रार आली नव्हती. त्याच धर्तीवर पाणी बंद करण्याजोगी आणखी ठिकाणं आपल्या माहितीत असल्यास खुणांसह कळवावीत. सरांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"घ्या. अशी अन्य ठिकाणे माझ्या माहितीत नाहीत."

मी हात थांबवले. या माणसाने पाण्याची क्षारता एका दशांशाने चुकली म्हणून माझ्याकडून सबंध प्रकरण पुन्हा टाइप करून घेतलं होतं. एका माशाचं वय नक्की कळेना, तर रकाना कोरा ठेवायला लावला होता, अंदाजसुद्धा लिहू दिला नव्हता. माझ्या माहितीत त्यांनी खोटं लिहिल्याचं हे पहिलंच.

"असंच टाइप करू?"

"असंच."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, नवी जागा मला सांगितली असतीत तर मी कुणालाही सांगितलं नसतं."

ते चालता चालता थांबले. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "मला माहीत आहे, बाई. तेव्हाही तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त टाइप केलं होतं."

आणि त्यांनी पुन्हा चालायला सुरुवात केली. ते समजूत घालत होते की आणखी काही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही, आणि विचारायला आता ते नाहीत. मी तीन प्रतींना कार्बन लावला आणि ‘नाहीत’ असं टाइप केलं.